झांबेल्लीचा नियम

नीवेसचा शेवटचा सूर छतापर्यंत जाऊन विरला, आणि झांबेल्लीनं हातातली ताल द्यायची काठी समोरच्या स्टँडवर आडवी ठेवून दिली.

वाद्यवाले चपापले. पार्माच्या थिएटरात हा माणूस उभं आयुष्य ऑपेरा चालवत आलेला. खेळ चालू असताना त्यानं काठी खाली ठेवलेली कुणी बघितली नव्हती. टाळ्या कितीही पडोत, वरच्या गॅलरीतनं "बीस! बीस!" म्हणजे 'पुन्हा! पुन्हा!' म्हणून लोक कितीही बोंबलोत, तेच गाणं पुन्हा घ्यायचं नाही. तो आरडाओरडा चालू असतानाच पुढचा ताल देऊन मोकळा व्हायचा.

पहिल्या व्हायोलिनवरचा ग्वेरिनो पुढं वाकला.

"काय हो मायस्त्रो? छातीत दुखतंय का?"

"काही दुखत नाही. थांब जरा."

थांबायचं कारण स्टेजवर उभं होतं. नीवेस त्याची लेक. ऐन विशीत ती इथंच पहिल्यांदा गायली, तेव्हा गॅलरीनं तिच्यासाठी घसे फोडले होते. ती बापाकडं बघत राहिली. एकदाच, एवढंच तिचं मागणं. बापानं मान वर न करता पुढचं सुरू केलं. घरच्या माणसाला सूट नाही. तेव्हापासून तिनं त्याला 'पापा' म्हटलं नाही. मिलानला गेली, मोठी झाली. नाताळला यायची, सूप प्यायची, "मीठ द्या, मायस्त्रो," म्हणायची.

आज त्याचा शेवटचा खेळ. त्यानंच तिला बोलावलं होतं. आपणहून गाणं पुन्हा घेतलं तर ती बापानं लेकीला दिलेली खिरापत झाली असती. बीस गॅलरीनं मागायचा असतो. आज वरनं एक जण जरी ओरडला असता, तरी त्यानं सगळं पहिल्यापासनं घेतलं असतं.

वर मासेवाली आर्मीदा रडतरडत उठली आणि तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले. शेजारच्या प्रीमो खाटकानं तिची शाल ओढली.

"ए बये, बस खाली! ओरडलीस तर बघ."

"अरे पण काय गायली रे पोरगी!"

"गायली ना. आम्हाला काय कान नाहीत? म्हाताऱ्याचा शेवटचा खेळ आहे. आज तरी त्याच्या नियमाचा मान ठेवा की!"

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. टाळ्या मात्र अशा वाजवल्या, की हात लाल झाले.

झांबेल्ली वर बघत उभा राहिला. टाळ्या पातळ झाल्या. मग थांबल्याच. कुणीतरी खोकलं.

नीवेस स्टेजच्या कडेला आली आणि जरा वाकली.

"मायस्त्रो, बरं आहे ना? घ्यायचं पुढं?"

काठी समोरच होती, तरी म्हाताऱ्याचा हात दोनदा चाचपडला.

"घेऊ," तो म्हणाला.

ताल पडला. वर प्रीमोनं बाहीनं डोळे पुसले आणि आर्मीदाला कोपरानं ढोसलं.

"बघितलंस? शेवटपर्यंत वाकला नाही."