गावात आलेली राजधानी

गाव राजधानीत गेलं, असं सगळे म्हणत. किल्लीवाले मामा तेवढे म्हणत, की राजधानीच गावात आली. बिचारी वेशीवर हात जोडून उभी होती म्हणे. दिवे होते, नळ होते, मोठमोठ्या इमारती होत्या, पण चार शहाणी माणसं नव्हती. गावाला दया आली. गाव म्हणालं, ये बाई, पण पाय पुसून ये.

जिन्याखालच्या आपल्या दुकानात मामा ही हकिगत कानशीच्या तालावर सांगत, आणि किल्ली हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाला मान हलवण्यावाचून गत्यंतर नसे.

समोरच्या थांब्यावरचा बस ड्रायव्हर एके दिवशी दुकानात आला. त्याच्या हातात ना कुलूप, ना किल्ली. मामांना तिथंच शंका यायला हवी होती. मागोमाग भाची आली. बहीण गेल्यापासून मामांनीच तिला वाढवलेलं.

"मामा, मला हा पसंत आहे," ती म्हणाली. "तुझं काय ते सांग."

मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राहतोस कुठं?"

"नदीपलीकडे. दोन बस बदलून येतो."

"बस चालवतोस, तरी बदलतोस?"

"माझी बस माझ्या घरी जात नाही, मामा."

पोरगा मामांच्या मनात भरला. होकार अगदी ओठांवर आला होता, एवढ्यात रस्ता ओलांडून शिंपीणबाई आल्या. समोरच्या दुकानातून त्यांना सगळं ऐकू जाई. जे जात नसे, ते त्या येऊन ऐकत.

"मामा, गावातली मुलगी गावात द्यायची नाही ना?"

नियम जुनाच होता. सगळी एका विहिरीचं पाणी प्यायलेली, म्हणून सगळी भावंडं. विहीर कधीच बुजली, पण मामांनी नियम बुजू दिला नाही. बाईंच्या मुलाचं मामांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीशी जवळजवळ जमलं होतं, त्यातही मामांनी मोडता घातला होता. बाई ते विसरल्या नव्हत्या.

"हा कुठं गावातला? राजधानीतला आहे," मामा म्हणाले.

"आणि राजधानी कुठं आहे? गावात. तुम्हीच जगाला सांगता. म्हणजे हा हिचा भाऊच झाला की."

ड्रायव्हर नकळत भाचीपासून एक पाऊल लांब सरकला.

"मामा, म्हण ना एकदाचं, की गावच राजधानीत गेलं," भाची कळवळून म्हणाली.

"कोण कुणात गेलं, काय फरक पडतो?" बाई म्हणाल्या. "एकत्र ते एकत्रच."

मामांनी ओठांवरचा होकार गिळला आणि कानस उचलली.

भाची भांडली नाही. "तू नाही म्हणालास तर नाही," एवढंच म्हणाली. "पण मग दुसरं स्थळ आणू नकोस." मुकाट्यानं चहा ठेवायची, मुकाट्यानं कप उचलायची. मामांचं कामातलं लक्ष उडालं. त्या आठवड्यात त्यांच्या किल्ल्यांनी भलत्यांचीच दारं उघडली, आणि दोन घरांत तर त्यावरून जुंपली.

शेवटी एका सकाळी मामा धुतलेला सदरा घालून भाचीला आणि ड्रायव्हरला घेऊन थेट बाईंच्या मशीनसमोर उभे राहिले.

"काल गावाची सभा झाली."

"मला बोलावलं नाहीत ते?"

"बोलावणार होतो. पण माझ्या एकट्यावरच कोरम भरला." मामा खाकरले. "राजधानीला वेगळं काढायचं ठरलं. लहान होती तोवर सांभाळली. आता हातपाय पसरलेत. तिचं तिनं बघावं."

बाईंनी तोंडातली टाचणी काढून ठेवली, नाहीतर हसताना गिळली असती. "आणि हे दिवे, हे नळ?"

"शेजारधर्म."

"बरं, वेस कुठं धरलीत?"

मामा दाराकडे वळले. उंबऱ्यातून रस्त्याकडे बघत म्हणाले, "रस्त्याच्या मधोमध. माझी बाजू गावात. तुमची राजधानीत."

बाई मशीन चालवायला लागल्या होत्या. त्यांचा पाय थांबला. "म्हणजे माझा मुलगा..."

"परगावचा. स्थळ चांगलं आहे, असं मुलीच्या घरच्यांना मी स्वतः जिना चढून सांगेन."

 बाई उगाचच कापडाची घडी घालत राहिल्या. मामा भाचीला घेऊन रस्ता ओलांडून परत आले. ड्रायव्हर मागोमाग आला, पण संकोचून दुकानाबाहेर फुटपाथवरच थांबला. मामांनी स्टूल पुसून पुढं केलं.

"या, आत या," ते म्हणाले. "परगावचे पाहुणे तुम्ही. असे दारात काय उभे?"