अकरा फूट

म्हाताऱ्याने लाकडी दांड्याला पाठ लावली आणि खालचा दरवाजा बंद केला. दगडी कुंडात रुळांनी भरलेली नाव उभी राहिली. कालवा इथे एक पायरी चढत असे. कुंडात पाणी भरून नावांना ती पायरी चढवणं, हेच त्याचं तीस वर्षांचं काम.

"आमच्याच खांद्यावर चढून आम्हालाच बुजवायला निघालेत," तो म्हणाला.

"मी नुसता हमाल," नाववाला हसला.

कापूस, कोळसा, विटा, सगळं शहर याच कुंडातून वर गेलं होतं. गिरण्यांची दारं अजून पाण्याकडेच उघडत. आता कालवा बुजणार आणि भरावावरून रेल्वे धावणार होती. ती रेघ त्याच्या लेकीनेच आखली होती, रेल्वेच्या नकाशाखोलीत बसून. कुंडाशेजारचं त्यांचं घर तेवढं तिने वाचवलं होतं, भिंतीपासून हातभर अंतरावर.

पाणी संथपणे चढू लागलं. सावलीतले रूळ वर आले, भोवतीच्या पाण्यात ढग सरकू लागले. म्हाताऱ्याला गुंगी आल्यासारखं झालं. घराच्या पायरीवर बसलेल्या लेकीच्या मांडीवरचा नकाशा तो उगाच न्याहाळत राहिला.

"हा चढ नऊ फूट कुणी सांगितला?"

"तुमच्याच वहीत आहे, बाबा. रोज तेच लिहिलंय."

पाणी जास्त वापरलं की साहेबांची बोलणी बसत, म्हणून प्रत्येक दरवाजेवाला चढ दोन फूट कमीच लिही. त्याच्या आधीच्याने त्याला हेच शिकवलं होतं. आता बोललं नाही तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण भराव दोन फूट कमी पडून भरलेली पहिलीच गाडी इथल्या खड्या चढावर अडून बसली असती आणि सगळ्यांची बोटं लेकीकडे वळली असती. त्याला भीती वाटली, ती तिच्यासाठी.

"अकरा आहे. मी खोटं लिहायचो. सगळेच लिहायचे."

लेकीने पेन्सिल उचलली नाही. भराव उंच झाला की पाया पसरतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"मग भराव भिंतीपर्यंत येतो, बाबा."

नाव वरच्या पाण्याला लागली. त्याने वरचा दरवाजा उघडून तिला वाट दिली. मग लेकीच्या पिशवीतल्या मोजपट्टीचं टोक धरून तो घरात शिरला. पट्टी उलगडत राहिली.

"भिंतीपर्यंत नाही गं," आतून आवाज आला. "स्वयंपाकघरही जातंय. ये, नीट मोज."