भिंग पुसून बघा

बारकीला घरात अजून बारकीच म्हणत. वय त्रेचाळीस, अंगाने ताईच्या दीडपट, पण शेंडेफळाचं नाव एकदा पडलं की ते काही मोठं होत नाही. व्हिडिओ कॉलच्या एका ॲपच्या हेल्पलाइनवर ती आठ वर्षं नोकरीला होती आणि तिच्या वाट्याला कॅमेरे आले होते. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं फोन करून एकच रडगाणं गायची, कॅमेरा लागत नाही. एकाने तीन ॲप उघडी ठेवलेली असायची आणि तिन्ही मिळून एका कॅमेऱ्याची ओढाताण करायची. दुसऱ्याने कॅमेऱ्याला परवानगीच दिलेली नसायची. आणि निम्म्यांचं नुसतं झाकण लागलेलं असायचं. भिंगावर नखाएवढी पट्टी असते, ती सरकवली की झालं.

पण झाकणाचा प्रश्न सरळ विचारायचा नाही, असा तिथला दंडक होता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बारकीने एका निवृत्त न्यायाधीशाला विचारलं होतं, "साहेब, झाकण उघडं आहे ना?" झाकण बंदच होतं. साहेबांनी ते उघडलं आणि मग पानभर तक्रार केली. तेव्हा सुपरवायझर बाईंनी तिला जवळ बसवून शिकवलं.

"माणसाला मूर्ख ठरवलंस की तो आयुष्यभर विसरत नाही. म्हणायचं, भिंग कापडाने पुसून बघा. पुसायला गेला की झाकण दिसतंच. गुपचूप सरकवतो आणि म्हणतो, लागला बुवा. आपण म्हणायचं, धुळीचा फार त्रास हो."

त्या दिवसापासून बारकीने हजारो माणसांची लाज धुळीवर ढकलली होती.

आई ताईकडे असायची. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं. डाव्या हातात सोन्याची अंगठी होती, ती पलंगाच्या लोखंडी कडेवर वाजवायची. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाकीचं सगळं बोलणं चेहऱ्यावर. बारकी दर रविवारी चारला कॉल लावायची आणि आठवडाभराची वेंधळी गिऱ्हाइकं रंगवून सांगायची. न्यायाधीशाच्या गोष्टीला आई अर्ध्या तोंडाने इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं. ती गोष्ट तिला दर महिन्याला एकदा लागायचीच.

लॅपटॉप बारकीनेच घेऊन दिला होता, तोही झाकणवाल्या कॅमेऱ्याचा, कारण आईची कूस बदलताना, कपडे बदलताना कॅमेरा टक लावून बसलेला ताईला आवडत नसे. हे सगळं करायची ताई. पहाटेपासून आईचं धुणं, भरवणं, पाठीला पावडर. आणि एकदा ती बोलून गेली होती, "मला बघून तिच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. तुझा आवाज आला की दिवाळी." बारकी हसली होती. तिला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

आज तिसरा रविवार होता. तीन रविवार झाले, आवाज यायचा, पंख्याची घरघर यायची, ताईच्या बांगड्या वाजायच्या, पण आई दिसायची नाही. पडद्यावर काळाकुट्ट चौकोन. ताईला आणि आईला मात्र बारकी दिसत होती.

कॅमेरा बंद असता तर त्या जागी गोल आला असता, नावाचं पहिलं अक्षर घातलेला. काळा चौकोन म्हणजे कॅमेरा चालू आहे, त्याच्या डोळ्यावर काहीतरी आहे. हे बारकीला पहिल्याच रविवारी कळलं होतं. सरकलं असेल झाकण चुकून, असं तिने धरलं होतं. पण ताईला मूर्ख कोण ठरवणार? म्हणून पहिल्यांदा तिने लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. दुसऱ्या रविवारी परवानग्या तपासून घेतल्या. ताई मुकाट्याने सगळं करत होती आणि वर टोमणे मारत होती.

"जगाचे कॅमेरे लावतेस आणि घरचा एक लागेना होय ग तुझ्याच्याने?"

आज बारकीने शेवटी ते वाक्य काढलं.

"ताई, भिंग जरा कापडाने पूस."

"पुसलं."

श्वास घ्यायलाही वेळ गेला नव्हता. बारकी म्हणाली, "तसं नाही ग. मऊ कापड घे, नीट बोट फिरवून पूस."

थोडा वेळ गेला. पदर सळसळला.

"पुसलं बाई. चकचकीत केलं. केवढी धूळ होती."

आठ वर्षांत इतक्या लोकांनी भिंग पुसलं, आणि पुसूनही ज्याला झाकण दिसलं नाही असा एकही माणूस बारकीला भेटला नव्हता. बोटाला लागतंच ते. ताईला झाकण ठाऊक होतं. ताईनेच लावलं होतं. आणि आईच्या उशाशी उभं राहून, आईच्या डोळ्यांदेखत लावलं होतं.

तिच्या जिभेवर आलं होतं, ताई, झाकण उघड. तोंडही उघडलं तिने. पण ताई तिची वाटच बघत असावी.

"काय म्हणत होतीस?" ताई शांतपणे म्हणाली. "मी सांगू का बारके? एवढी ओढ आहे ना, तर ने तिला तुझ्याकडे. कॅमेराबिमेरा काही लागणार नाही. उठता-बसता तोंड दिसेल. मी उद्या गाडी ठरवते."

बारकीने आपल्या खोलीकडे नजर फिरवली. धुतलेला पडदा, सोफ्यावरच्या उशा, खिडकीतली कुंडी. मागच्या वर्षी ती चार दिवस आईपाशी राहिली होती. तिसऱ्या दिवशी तो वास नाकात बसला आणि चौथ्या दिवशी ऑफिसचं निमित्त करून ती पळाली. ताईने तेव्हा एक शब्द काढला नव्हता. आईचं तोंड तिला हवं होतं. आईचं अंथरूण नको होतं. इतकं स्वच्छ तिने स्वतःशी कधी म्हटलं नव्हतं, आज ताईने ते तिच्याकडून म्हणवून घेतलं.

"कॅमेराच गेलेला दिसतोय ग," बारकी म्हणाली. "जुना झाला आता. आतूनच गेला असेल."

"मलाही तेच वाटलं."

"आवाज तर येतोय ना. बास झालं."

"हो, तेवढं बास."

मग बारकीला राहवलं नाही. निदान आईशी तरी दोन शब्द बोलावेत म्हणून ती म्हणाली, "आई, ऐकतेयस ना? कॅमेरा बिघडलाय ग आपला. चालेल ना तुला?"

लोखंडावर अंगठी वाजली. टक. टक.

दोन. स्पष्ट दोन. पंखा घरघरत होता. आई तिच्याकडे पडद्यावर बघत होती, हे बारकीला ठाऊक होतं, म्हणून तिने चेहरा जागेवरून हलू दिला नाही.

"हो म्हणाली का ग?" तिने ताईला विचारलं.

"हो म्हणाली," ताईने सांगितलं.

पलीकडे अंगठी सुरूच झाली. दोन. पुन्हा दोन. मग मोजता येईना इतकी भराभर, आणि मधून घशातून येणारा एक आवाज, शब्दाच्या अलीकडेच अडलेला. बारकी घाईघाईने न्यायाधीशाची गोष्ट सांगायला लागली. साहेब कसे म्हणाले, तक्रार कशी केली, सगळं. ती मोठ्याने बोलत होती. हसायची जागा आली तेव्हा ती एकटीच हसली.

"ही अंगठी फार सैल झालीय ग हिची," ताई मध्येच म्हणाली. "बोटं वाळलीत. निसटून कुठे गेली तर शोधत बसावं लागेल. काढून ठेवू?"

बारकीने पडद्यातल्या काळ्या चौकोनाकडे पाहिलं.

"ठेव काढून," ती म्हणाली. "हरवायची उगाच."

थोडी ओढाताण ऐकू आली, बांगड्या वाजल्या, आणि मग अंगठी स्टीलच्या वाटीत पडल्याचा टणकन आवाज आला. आवाजात काहीच बिघाड नव्हता.