विहिरीतला फोमचा बैल

मी विहिरीत तरंगणारा बैल बोलतोय. वीतभर लांबीचा, बाभळीच्या काट्यांची शिंगं असलेला. माझं अंग मातीचं नाही, लाकडाचंही नाही. फोमचं आहे. म्हणून तर बुडालो नाही.

आधी मी बैल नव्हतो. कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघालेली पोहायची स्वस्त फळी होतो. तिथून पाचगणीच्या एका निवासी शाळेत गेलो. मुलं मला छातीशी धरून तलावात पाय झाडायची, कंटाळली की एकमेकांच्या डोक्यात घालायची. एकानं माझा कोपरा चावून कुरतडला. तेवढ्यावरून मला उकिरड्यावर फेकलं. ज्यांना काही कमी पडत नाही, त्यांना टाकून द्यायला कारणही लागत नाही.

तलाव घासणाऱ्या बिराप्पानं मला उचललं. त्याचं गाव औंधच्या पूर्वेला, माळावर. शिमग्याला तो घरी गेला तो मला घोंगड्यात गुंडाळूनच. त्याची सात वर्षांची पोर भामा. तिनं मला हातावर तोललं.

"बा, ह्यो दगूड हाय का कापूस?"

"पवायची फळी हाय ती. हिरीला पानी आलं की हिच्यावर तुला पवायला शिकवतो."

"कवा येनार पानी?"

"पानी आलं की मी बी येनार."

चार दिवसांनी तो पाचगणीला परतला. त्या रात्रीपासून भामा मला उशाला घ्यायची. सकाळी उठून विहिरीत डोकवायची आणि मग पाचगणीच्या वाटेकडं बघत बसायची.

बाहत्तर साल होतं. घरातले बैल चारा छावणीत गेले होते. भामाची आई धोंडुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापायची. जीपमधून साहेबलोक यायचे, भेगाळलेल्या रानाचे फोटो काढायचे, थर्मासमधलं गार पाणी पिऊन निघून जायचे. तहानलेल्या माणसांसमोर असं घटाघटा पाणी घशाखाली कसं उतरतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तशात बेंदूर आला, बैलांचा सण. दर बेंदराला केरबा कुंभार घरोघर मातीचे बैल द्यायचा. त्या वर्षी तो मोकळ्या हातानं दारात उभा राहिला.

"वैनी, प्यायला पानी न्हाई, चिखुल कशानं मळू?"

त्याच्या थंड पडलेल्या चाकाचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

धोंडुबाईची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर थांबली. तिनं विळी पुढं ओढली.

"आये, नगं! माज्या बानं आनलीया ती!"

"आगं, गोठा मोकळा पडलाय. द्येवाफुडं तरी बैल नगं व्हय?"

"मग मी पवू कशावर?"

"आदी हिरीत पानी तर हुंदे!"

तिनं मला विळीवर धरलं. एका फळीचे दोन बैल झाले. गुंजांचे डोळे, अंगाला गेरू. चावलेला कोपरा दुसऱ्याच्या पाठीवर गेला, वशिंडाच्या मागं. केरबानं आम्हाला उचलून पाहिलं.

"आवं वैनी, लय हलकी खिल्लारं तुमची! दाव्याला बांधा, न्हाईतर वाऱ्यासंगं छावनीत जातील चरायला."

किती दिवसांनी धोंडुबाई हसली. मग तिनं आमच्यापुढं लाल भाकरी ठेवली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बैल विहिरीत सोडायची त्या घरची रीत. पाणी नसलं म्हणून काय झालं, रीत सोडायची कशी? भामानं काठावरून मला सोडलं. मी कोरड्या तळाला टपकन पडलो. मातीचा बैल पाण्यात विरघळून मोकळा होतो. माझं काय होणार, याचा विचार कुणी केलाच नाही.

"आन दुसरा कुटं हाय गं?"

"गेला चरायला."

धोंडुबाईनं पोरीच्या ओच्यातला फुगवटा पाहिला आणि ती घराकडं वळली.

दिवाळीला बिराप्पा आला, पण बिऱ्हाड हलवायला. इस्लामपूरकडं उसाच्या फडात नवरा-बायको दोघांनाही काम मिळणार होतं. निघताना तिघं विहिरीवर आली.

"बा, त्यो बघ तळाला. घिऊन जाऊया त्येला."

"ऱ्हाऊंदे. पानी आलं की आपसूक वर यील. तवा आपुन माघारी यायचं, आन तुला पवायला शिकवायचं."

"पर त्यो वर आलाय, ह्ये आपल्याला कोन सांगनार?"

बिराप्पानं बोचकं खांद्यावर टाकलं. तिघांची डोकी काठावरून मागं झाली. उरलं ते गोल आभाळ.

मी धुळीत पडून राहिलो. पुढच्या वर्षी कपारीतून पाझर सुटला. आधी पोटाला गारवा लागला, मग पाय तळापासून सुटले, मग एकेक दगड मागं टाकत मी वर आलो. बिराप्पा म्हणाला होता, अगदी तसाच. बायका पाण्याला येतात, घागरीनं मला बाजूला सारतात. "कुनाचा गं ह्यो बैल?" म्हणतात. सांगणारं कुणी नाही.

तुमच्यापैकी कुणी इस्लामपूरकडं जात असेल, तर उसाच्या फडावरच्या खोपटांत एक पोर शोधा. तिच्यापाशी माझा जोडीदार असेल, पाठीवर दातांची खूण असलेला. तिला म्हणावं, बैल वर आलाय. बापाला घेऊन ये. मी काही बुडत नाही, पण चैत्रात पाणी पुन्हा तळाला जातं.