आमच्याकडचं 'झालंच'

आमच्या वर्कशॉपमध्ये 'झालंच' म्हणजे कामाला अजून हातही लागलेला नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला की स्क्रू शोधता शोधता म्हणायचं, "झालंच, ताई!" चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी हे म्हणण्यात.

मग वहिनीने सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते ॲप घातलं. वर्कशॉप दादाचं, पण चालवते त्याची बायको, म्हणजे वहिनी. ॲपमध्ये प्रत्येक खुर्चीची एक चिठ्ठी आणि तीन रकाने: करायचंय, चाललंय, झालं. भंगारात निघालेल्या खुर्च्यांचे सुटे भागसुद्धा तिने मापांसकट त्यात भरले. महिनाभर तेच करत बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, आता माझ्या दातांचीही नोंद करा."

"हलताहेत तेवढे सांगा, भावजी," ती म्हणाली.

एका रविवारी सकाळी मी दुरुस्तीला आलेल्या एका ग्रंथपालबाईंच्या खुर्चीची चिठ्ठी सरळ 'झालं'मध्ये ढकलली. सवय, दुसरं काय! डाव्या चाकाचं बेअरिंग फुटलेलं, नवं मिळालेलं नव्हतं. म्हटलं, होईल दुपारपर्यंत. त्या रकान्यात चिठ्ठी पडली की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जातो, हे मला काय माहीत! बाईंचं लगेच उत्तर: "देवासारखे धावलात. उद्या नऊला नव्या वाचनालयात रुजू व्हायचंय. नाही पोचले तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला."

त्यात रविवार, दुकानं बंद. वहिनीपुढे जाऊन उभा राहिलो. "वहिनी, शेण खाल्लं मी."

ती रागावली नाही. ॲपमध्ये बेअरिंगचं माप टाकलं आणि चुटकीसरशी उत्तर आलं: भंगारातली एकोणीस नंबरची खुर्ची. ती कुठे? टेम्पोत, भंगारवाल्याकडे निघालेली! वहिनीने ग्रुपवर लिहिलं, "एकोणीस नंबर देऊ नका, परत फिरा." सिग्नलला थांबलेल्या टेम्पोवाल्याचा अंगठा उमटला.

पूर्वी असतं तर मी चार गल्ल्या पालथ्या घातल्या असत्या आणि बाईंचा फोन उचललाच नसता. मानलं बुवा वहिनीला! आणि तिच्या त्या ॲपलाही. अर्ध्या तासात बेअरिंग माझ्या हातात होतं. मी चाक बसवेपर्यंत तिने चौथा रकाना काढला: 'झालंच'.

"खास तुमच्यासाठी," ती म्हणाली. "यातून निरोप जात नाही."

लाज वाटत होती, तरी हसू आलं.

दुपारी खुर्ची पोचवायला मी स्वतः गेलो आणि बाईंना काय घडलं ते सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मागच्या वर्षीही तुम्हीच होतात. चार दिवस फोनवर 'झालंच, ताई' म्हणत होतात. तेव्हाची जागा गेली माझी."

गिऱ्हाईक वाट बघतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या वाट बघण्यात त्याचं काय जातं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"ब्रेक एकदा माझ्यासमोर लावून दाखवा," त्या म्हणाल्या.

मी गुडघे टेकून बसलो आणि दोन्ही चाकांचे ब्रेक लावून दाखवले. मग खुर्चीत बसून त्यांनी स्वतः लावून बघितले, तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "उद्या आठला निघते."