उकंडाभाऊंच्या कपाशीतला रिकामा सापळा

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे. दचकू नका, उंदरांचा नव्हे! मला कामगंध सापळा म्हणतात. डोक्यावर पिवळी टोपी, खाली नरसाळं आणि त्याला लांब प्लास्टिकची पिशवी, असं माझं ध्यान. टोपीच्या आत एक छोटी गोळी बसवतात. तिला बोंडअळीच्या मादी पतंगासारखा वास असतो. त्या वासाला भुलून नर पतंग रात्री येतात आणि पिशवीत पडतात. सकाळी पिशवी पाहिली की शेतकऱ्याला कळतं, अळीचं संकट वावरात शिरलंय.

कारखान्यातून मी आलो तो थेट आर्णीजवळच्या एका गावातल्या शेतीशाळेत. ही शाळा बांधावरच्या कडुनिंबाखाली भरायची. शिकवणाऱ्या प्राचीताईंनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवलं. शीलाकाकू अगदी पुढे बसून कान देऊन ऐकत होत्या. त्यांचे यजमान उकंडाभाऊ मात्र मागे बसून गप्पा हाणत होते. आदल्या वर्षी अळीनं त्यांची कपाशी खाल्ली होती. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत नासकी. यंदाही तसंच झालं तर घरात कापूस यायचाच नाही, या धास्तीनं काकूंचा चेहरा उतरलेला होता. मला तेव्हाच वाटलं, या माउलीच्या उपयोगी पडायचं.

पण माझं नशीब पाहा! मला लावलं उकंडाभाऊंनी. काठीला बांधलं, गोळी चिमटीत धरून बसवली आणि ऐटीत घरी गेले. रोज सकाळी येऊन डोकावायचे. पिशवी रिकामीच!

"पाह्य वं शीला, एकही पाखरू नाई. आपलं वावर एकदम साफ हाय!"

गावभर माझं कौतुक झालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पतंग रोज रात्री माझ्या शेजारून उडत होते, कपाशीवर अंडी घालत होते, पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. सांगणार कुणाला? मला तोंड आहे, पण ते पतंग गिळण्यापुरतं.

एक दिवस तण निंदताना शीलाकाकू थबकल्या. एक फूल उमललंच नव्हतं, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं होतं. त्यांनी पाकळ्या सोडवल्या, तर आत अळी! त्या तडक माझ्याकडे आल्या, टोपी काढली आणि गोळी हुंगली.

"काहो, इकडे या. याले खर्ऱ्याचा वास काहून येऊन राह्यला?"

उकंडाभाऊंनी देवापुढे शपथ घेऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता. म्हणजे, काकूंना तसं वाटत होतं.

"थोडासाच खाल्ला होता वं. हात पुसले होते मी पॅन्टले."

"प्राचीताईनं काय सांगतलं होतं? तंबाखूचा, कांद्याचा हात गोळीले लावू नका, पाखरू येत नाई. तुमी तवा गप्पा मारत होते! मले फसवलं ते फसवलं, वावरालेही फसवलं?"

काकूंनी प्राचीताईंकडून नवी गोळी आणली आणि स्वच्छ हातांनी बसवली. दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत पतंगच पतंग फडफडत होते. प्राचीताई धावत आल्या. म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही." मग मिटलेली फुलं तोडून नष्ट करायला सगळं घर वावरात उतरलं. सगळ्यात जास्त वाकले ते उकंडाभाऊ, तेही तक्रार न करता. पुढची फवारणीही प्राचीताईंनी सांगितल्यावरच झाली.

पहिलं बोंड काकूंनी श्वास रोखून फोडलं. आत पांढराशुभ्र कापूस! "वाचलं वो आपलं वावर," म्हणताना त्यांना रडू आवरेना. मित्रांनो, त्या बाईचे उपकार मी कसे विसरू? तिनं हुंगलं नसतं, तर मी खोटारडाच ठरलो असतो.

आता माझी पिशवी फाटली आहे, तिला दोन ठिकाणी ठिगळं आहेत. तरी हंगाम आला की मला खुंटीवरून काढतात. तुम्हीही माझ्या भावंडांना असंच जपा. नुसतं टांगून विसरू नका, वेळेवर गोळी बदला, आणि आधी हात धुवा.

उकंडाभाऊ आता दरवर्षी साबणानं हात धुतात आणि काकूंच्या नाकापुढे धरतात. यंदा काकूंनी नीट हुंगून पाहिलं आणि म्हणाल्या, "खर्रा नाई. पण कांदा खाल्ला वाटते. जा, पुन्हा धुवा."

आणि उकंडाभाऊ निमूटपणे पुन्हा हातपंपाकडे निघाले.