भिंतीवरचा जिल्हा

शाळेच्या भिंतीवरची नदी गुरुजींनी तिसऱ्यांदा पुसली आणि शिडीवरूनच खाली पाहिलं. खाली सासूबाई उभ्या होत्या, चष्मा लावून, नकाशातला जिल्हा न्याहाळत. नदी काढणं काही अवघड नव्हतं हो. पंचाईत एवढीच होती की, ती आता सासूबाईंच्या गावावरून जात होती.

पावसाळ्याआधी सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे आल्या. त्यांच्या मागे तिकडे पूर आला, नदीनं पात्र बदललं आणि काठासकट गाव गिळलं. माणसं तेवढी वाचली. पण हे सासूबाईंना सांगायचं कुणी? घोडं तिथंच अडलं. त्या आपल्या रोज सकाळी म्हणायच्या, "पाणी ओसरलं की निघते मी." लेक आणि जावई दोघंही मूग गिळून गप्प. आता उद्या या नकाशाचं उद्घाटन होतं. बायकोनं बजावलं होतं, "चारचौघांत कळण्यापेक्षा आजच सांगा. आणि तुम्हीच सांगा, भूगोल तुमचा विषय आहे."

झालं. ज्यांना पाहून अख्खा वर्ग चळाचळा कापायचा, त्या गुरुजींची सासूबाईंपुढे पाचावर धारण बसायची. ते खाली उतरले, हात पुसले, घसा खाकरला.

"आई, ही नदी मुळातच चंचल. दोनशे वर्षांपूर्वी ती इथून वाहायची, या बाजारातून."

"बरं."

"मग पूर्वेला सरकली. तिकडचं जुनं शहर बुडालं, लोक इकडे आले. म्हणून तर आपल्या जिल्ह्यात एवढी दाटी."

"बरं."

नमनालाच घडाभर तेल गेलं. सासूबाईंनी नकाशावरच्या काळ्या ठिपक्यांकडे बोट केलं.

"या माश्या कसल्या बसल्यात?"

"एक ठिपका म्हणजे हजार माणसं."

"मग मी कुठल्या ठिपक्यात?"

गुरुजींनी निळ्या रंगाच्या डब्यात उगाच ब्रश फिरवला. कडू औषध एका घोटात संपवावं तसं ते बोलून गेले, "आई, गाव राहिलं नाही."

"माहितीये."

"आँ?"

"अर्धं गाव तुमच्या गल्लीच्या टोकाला राहायला आलंय. रोज नळावर भेटतात. आमचं घर पडलं तेव्हा शेजारीण समोर होती. आधी स्वयंपाकघर गेलं म्हणाली." सासूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

गुरुजींना फार वाईट वाटलं. इतके दिवस आपण उगाच धास्तावलो, याचा थोडा रागही आला.

"मग रोज निघते, निघते का म्हणता?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायला. रोज आपलं 'हो आई, हो आई'. एकदा तरी राहा म्हणालात?"

गुरुजींचे कान लाल झाले. कुठं पाहावं ते कळेना, म्हणून ते भिंतीकडे वळले.

"आपल्या जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला—"

"जावईबापू."

"राहा, आई. आम्हाला दोघांनाही बरं वाटेल."

सासूबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. निळी रेघ जिथं अर्धवट थांबली होती, तिथं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"बघते," त्या म्हणाल्या. "घर तुमचं लहान आहे."

मग त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"चढा. काढा आता ती नदी."